ज्यांच्याजवळ सर्व काही आहे, त्यांस काय द्यावे?



आजच्या भाषणाचा विषय दिसावयास लहान आहे. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचा वाढदिवस जवळ येतो. कोणाची एकसष्टी असते, कोणाची पंचाहत्तरी, तर कोणाचे सहस्रचंद्रदर्शन. मुले, सुना, जावई, नातवंडे विचारात पडतात. त्या व्यक्तीजवळ घर आहे, शेती आहे, दुकान आहे, मोटार आहे. अंगावर येतात त्याहून अधिक कपडे कपाटात आहेत. मोबाइल गेल्याच वर्षी दिला. मनगटी घड्याळे तीन आहेत आणि वेळ पाहण्याचे काम भिंतीवरचे चौथेच घड्याळ करते. मग द्यावयाचे काय? हा प्रश्न एके काळी राजवाड्यांत पडत असे. आता तो देवळाली प्रवरेच्या पेठेतही पडू लागला आहे.

एका अर्थी हे आपल्या भागाच्या भाग्याचेच लक्षण होय. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी शिवारात खेळले, उसाने जमीन हिरवी झाली. पुढे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्या वाटेने जिल्ह्यात इतरही कारखाने आले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तसा तो बाजारपेठेतही आला. त्यापूर्वीच्या पिढीला भेट देणे सोपे होते, कारण घेणाऱ्याला काय कमी आहे ते उघड दिसत असे. धोतरजोडी दिली, लुगडे दिले, घोंगडी दिली, की ती दुसऱ्या दिवशी अंगावर दिसे. १९४३ नंतरच्या कंट्रोलच्या दिवसांत तर चार वार कोरे कापड मिळणे हाच सण होता. आज कमी काय आहे ते दिसत नाही. म्हणून देणारा दुकानात येऊन प्रथम वस्तू विचारीत नाही, किमतीचा आकडा सांगतो. 'हजार-दीड हजारापर्यंत काहीतरी दाखवा' या वाक्यात भेटीची निम्मी हार झालेली असते.

अखेर गाडी शालीवर येऊन थांबते. सत्काराची शाल हा कापडाच्या व्यापारात एक स्वतंत्रच माल आहे. एरवी गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून पाहते, पोत पाहते, रंग जाईल का विचारते, पन्हा मोजून घेते. सत्काराच्या शालीला यांपैकी काहीच विचारले जात नाही. काठ झळकतो का आणि फोटोत उठून दिसते का, एवढ्यावर सौदा होतो. ती खांद्यावर पडते, टाळ्या वाजतात, घडी घालून ती पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. वर्ष-दोन वर्षांनी तीच शाल दुसऱ्या कोणाच्या सत्काराला निघते. काही शाली अशा रीतीने गावभर हिंडून मूळ घरी परत येत असतील, तर त्यात नवल नाही. देणाऱ्याने कर्तव्य केले, घेणाऱ्याने आभार मानले. पण दोघांमध्ये काहीच घडले नाही.

आता सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब पाहावा. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. त्या मापाने हजार पौर्णिमा म्हणजे ८० वर्षे आणि सुमारे १० महिने. एवढे चंद्र ज्याने पाहिले त्याने त्या काळात किती माणसे पोहोचवून दिली असतील! आईवडील गेले, भाऊ गेले, ज्यांच्याबरोबर सायकलवरून आठवड्याचे बाजार केले ते सोबती गेले, पुष्कळदा जीवनाचा जोडीदारही गेला. 'त्यांच्याजवळ सर्व काही आहे' असे जेव्हा घरचे म्हणतात तेव्हा ते वस्तूंची यादी मनात धरून म्हणतात. त्या व्यक्तीच्या मनातली यादी माणसांची असते, आणि तिच्यात रिकाम्या जागाच अधिक असतात.

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. २३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. जिजाऊंनी सती जाण्याचा विचार केला आणि शिवाजी महाराजांनी त्यांना मोठ्या कष्टाने त्यापासून परावृत्त केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुत्र पराक्रमी, राज्य वाढते, गड ताब्यात. त्या माउलीला कशाची उणीव होती? आणि जी होती ती कोण भरून देणार होते? वैधव्याच्या त्या काळच्या रीतीत दागदागिने, उंची वस्त्रे या वस्तूच निरर्थक झालेल्या. वर्ष पुरे होण्याच्या आत, ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर, महाराजांनी महाबळेश्वरी आईची सुवर्णतुला केली. त्याच वेळी वयोवृद्ध सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली. एका पारड्यात आई, दुसऱ्या पारड्यात सोने, आणि जितके सोने भरले तितके दान.

व्यापाऱ्याच्या जातीला या प्रसंगात एक गोष्ट विशेष जाणवावी. सोने आईला दिले गेले नाही. आईच्या हातून ते दुसऱ्यांना दिले गेले. जिजाऊंच्या पेटीत त्या दिवशी गुंजभरही सोने वाढले नाही. परंतु ज्या स्त्रीला जगण्याचे प्रयोजन संपले असे वाटले होते, तिच्याच देहाच्या वजनाएवढे सोने इतरांच्या उपयोगी पडले. मुलाने आईला सांगितले की तुमचे असणे अजून कोणाच्या तरी कामाचे आहे. शब्दांत सांगितले असते तर तिला ते सांत्वन वाटले असते. तराजूने सांगितल्यावर त्याला वजन आले. पुढच्या पाच-सहा महिन्यांतच मिर्झाराजे जयसिंगाची स्वारी आणि पुरंदरचा तह झाला. तेव्हा ही भेट काही निवांत वैभवाच्या दिवसांत दिलेली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

तुलेची प्रथा पुढे अनेकांनी चालविली. आपला हा सुवर्ण महोत्सव आहे म्हणून आठवण होते: इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान यांच्या इमामपदास पन्नास वर्षे झाली तेव्हा १९३६ मध्ये मुंबईत त्यांची सुवर्णतुला झाली. साठ वर्षे झाल्यावर १० मार्च १९४६ रोजी मुंबईच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांची तुला झाली. त्यांचे वजन त्या वेळी २४० पौंडांहून अधिक भरले. जगातील मोठ्या धनवंतांत गणल्या जाणाऱ्या माणसास अनुयायांनी हिरे द्यावेत यात अर्थ तो काय? अर्थ एवढाच की ती रक्कम समाजाच्या उन्नतीच्या कामाकडे परत गेली. तसे नसते तर तो केवळ एक तमाशा ठरला असता. आजकाल ग्रंथतुला होतात, गूळतुला होतात, रक्ततुलाही होतात. यांतील काहींत तराजूपेक्षा कॅमेऱ्याकडे लक्ष अधिक असते, हे कबूल केले पाहिजे. तरीही दोनशे पानी साधी वही पाव किलोच्या आसपास भरते; सत्तर किलोच्या आजोबांची वह्यांनी तुला केली तर पावणेतीनशेच्या वर वह्या होतात. एका लहान शाळेची वर्षाची सोय त्यात होऊ शकते. खर्च दोन बऱ्यापैकी पैठण्यांहून फारसा अधिक नाही.

दुसरी प्रथा थैलीची. लोकमान्य टिळकांना २३ जुलै १९१६ रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात गायकवाड वाड्यात समारंभ झाला आणि लोकांनी जमविलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली. त्या काळचे एक लाख! मंडालेचा सहा वर्षांचा कारावास भोगून दोनच वर्षे झाली होती. ते मंडालेस असतानाच १९१२ मध्ये सत्यभामाबाई निवर्तल्या होत्या. पत्नीचे अंत्यदर्शनही त्यांना घडले नव्हते. असा माणूस वाढदिवसाला स्वतःसाठी काय मागणार? ती रक्कम त्यांनी स्वतःची म्हणून स्वीकारलीच नाही, राष्ट्रकार्याची ठेव म्हणून स्वीकारली.

याच वाढदिवसाला सरकारनेही आपली भेट पाठविली, आणि तिचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे. त्या वर्षी लोकमान्यांनी स्वराज्यावर बेळगावला एक आणि अहमदनगरला दोन भाषणे केली. नगरचे ३१ मेचे भाषण जुन्या कापड बाजारात झाले. त्या तीन भाषणांबद्दल सरकारने त्यांच्यावर नोटीस बजावली: वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून स्वतःचा वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. लोकमान्यांची बाजू बॅरिस्टर जीना यांनी मांडली होती. एकाच वाढदिवसाला जनतेकडून लाखाची थैली आणि सरकारकडून चाळीस हजारांची मागणी! जमाखर्चाची अशी दुसरी नोंद मिळणे कठीण.

महात्मा गांधींच्या पंचाहत्तरीलाही असेच झाले. कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत असतानाच, निधन झाले. २ ऑक्टोबरला गांधीजींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. ज्यांच्या मालकीच्या वस्तू एका लहानशा पेटीत मावत त्यांना देणार काय? देशाने कस्तुरबांच्या नावे पंचाहत्तर लाख रुपयांचा निधी जमविण्याचा संकल्प केला आणि सेवाग्रामला तो त्यांच्या हाती दिला. जमा संकल्पाहून अधिक झाली. खेड्यांतील स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी तो वापरला गेला. जिजाऊ, लोकमान्य, गांधीजी: तिघांच्याही आयुष्यात जे माणूस उरले नव्हते त्याची जागा कोणी भरून काढू शकत नव्हते. देणाऱ्यांनी त्या पोकळीवर वस्तू ठेवली नाही, काम ठेवले.

यावर कोणी म्हणेल की थैल्या आणि तुला या थोरांच्या गोष्टी झाल्या. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने आजीला काय द्यावे? तिच्यासाठी एक उदाहरण वाढदिवसाचे नसून विवाहाचे आहे, तरी ते येथे चपखल बसते.

इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचा विवाह २० नोव्हेंबर १९४७ रोजी झाला. जगभरातून अडीच हजारांहून अधिक भेटी आल्या. युद्धानंतरचा काळ होता, ब्रिटनमध्ये कापडावर रेशनिंग होते, आणि विवाहाच्या पोशाखासाठी राजकन्येलाही कूपने लागत. ते वाचून अनेक सामान्य स्त्रियांनी आपल्या वाट्याची कूपने तिला पाठविली. दुसऱ्याची कूपने वापरणे कायद्यात बसत नसल्याने ती परत करावी लागली. त्या कूपनांची किंमत ज्यांनी कंट्रोल पाहिला त्यांनाच कळेल.

आपल्या बाजूने दोन भेटी गेल्या. गोदावरीपलीकडचा मराठवाडा तेव्हा ज्यांच्या अमलाखाली होता त्या हैदराबादच्या निजामांनी लंडनच्या कार्तिए या जवाहिऱ्याकडे निरोप धाडला की राजकन्येने हवे ते स्वतः निवडावे. तिने हिऱ्यांचा एक मुकुट आणि एक हार निवडला. आजच्या भाषेत हे गिफ्ट कूपनच झाले, फक्त त्यावर रकमेची मर्यादा छापलेली नव्हती. गांधीजींपाशी द्यायला काहीच नव्हते. माउंटबॅटन यांनी त्यांना सुचविले की आपण सूत कातता, त्याचेच काही विणून द्यावे. गांधीजींच्या हातच्या सुताचा एक लहान जाळीदार रुमाल तयार झाला. त्याच्या मध्यभागी 'जय हिंद' ही अक्षरे विणलेली होती. माउंटबॅटन यांनी तो लंडनला नेला. भेटी प्रदर्शनात मांडल्या तेव्हा वधूची आजी राणी मेरी हिला तो गांधीजींचा पंचा वाटला आणि ती फार नाराज झाली. भेट चुकीच्या डोळ्यांपुढे पडली तर तिचे असेही होते!

पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. निजामांच्या मुकुटातील हिरे १९७३ मध्ये काढून दुसऱ्या एका मुकुटात बसविले गेले. हार मात्र राहिला आणि वापरात आहे. हिऱ्याचे तेच असते, तो कोठेही बसतो. सुताचा तो रुमाल उसवून दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. राणीने तो जपून ठेवला. एका भेटीत तिने आपल्याला तो दाखविला होता, असे भारताच्या पंतप्रधानांनी २०२२ मध्ये तिच्या निधनाच्या वेळी सांगितले. येथे हिरा आणि सूत यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवावयाचे नाही. जवाहिऱ्याचा व्यवसाय हाही प्रामाणिक व्यवसाय आहे. मात्र त्या सुतात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या आयुष्यातील काही तास पिळून बसले होते, आणि ते तास कार्तिएच्या दुकानात विक्रीला नव्हते.

सूतकताईत वेळ मोजताच येतो. खादीच्या मापात चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. विनोबाजींनी गांधीजींच्या स्मृतिदिनी वर्षाकाठी प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी असे सांगितले. पवनारला १२ फेब्रुवारीच्या मेळ्यात ती सूतांजली वाहिली जाई. बाजारात एका गुंडीचे काय येणार? पण ती दुसऱ्याकडून कातवून आणता येत नाही, हाच तिचा नियम.

पंडित नेहरूंचेही असेच. ते आपल्या नगरच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत बंदिवान होते आणि १९४४ मध्ये त्यांनी भारताचा शोध घेणारा आपला ग्रंथ तेथेच लिहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १९३० मध्ये, नैनीच्या तुरुंगात असताना त्यांच्यापुढे हाच आजचा प्रश्न उभा राहिला होता. मुलगी इंदिरा तेरा वर्षांची होत होती. आनंदभवनात वाढलेल्या त्या मुलीला वस्तूंची काय वाण असणार, आणि तुरुंगातून वस्तू पाठविणार तरी कोण? त्यांनी पत्र पाठविले. मग दुसरे, तिसरे. १९३३ पर्यंत जवळजवळ दोनशे पत्रे झाली आणि त्यांतून जगाच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक उभे राहिले. मार्च १९४२ मध्ये तिच्या विवाहात तिने नेसलेली गुलाबी खादीची साडीही पित्याने तुरुंगात कातलेल्या सुताची होती. ज्या मनुष्याजवळ एका कोठडीखेरीज काही नव्हते त्याने या दोन भेटी दिल्या. आणि ज्यांच्याजवळ दुकाने, मोटारी, कुरिअरच्या सोयी आहेत त्यांना भेट सुचत नाही.

आपल्या समाजापुढे हा प्रश्न आणखी एका रूपाने नेहमीच उभा राहिलेला आहे. याच जिल्ह्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेले आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज यांच्या जन्मदिनी भाविकांनी त्यांना काय अर्पण करावे? मुनींना ना खिसा, ना कपाट. ज्याच्याजवळ सर्व आहे आणि ज्याने सर्व सोडले आहे, या दोघांपुढे दुकानदार सारखाच निरुपयोगी ठरतो. भाविकांनी वाट काढली. कोणी पच्चक्खाण घेतले, कोणी व्यसन सोडले, कोणी तप केले. आणि १९९२ मध्ये महाराजसाहेबांच्या महानिर्वाणानंतर त्यांच्या नावाने नगरला रुग्णालय उभे राहिले. घरातील आजोबांनाही नातवाने तंबाखूची पुडी सोडून तीच त्यांच्या हाती द्यावी, यासारखी भेट नाही. ती पुढच्या वाढदिवसापर्यंत टिकली पाहिजे, एवढीच अट.

पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या मुलांविषयी दोन शब्द बोलणे अवघड आहे, तरी बोलले पाहिजेत. ते वडिलांना विसरलेले नाहीत. वाढदिवसाला पार्सल वेळेवर येते, कित्येकदा आदल्या दिवशीच येते. पार्सल आणणारा मुलगा सही घेतो आणि जातो. वडील खोके उघडतात, वस्तू पाहतात, फोनवर 'छान आहे' असे सांगतात आणि खोके माळ्यावर ठेवतात, कारण खोके चांगले आहे. संध्याकाळी ओट्यावर कोणी विचारले तर मुलाने काय पाठविले ते मोठ्या आनंदाने सांगतात. तो आनंद खोटा नसतो. पण रात्री जेवताना समोरचे पान मांडलेले नसते.

म्हणून ज्यांच्या घरी येत्या वर्षी असा सोहळा आहे त्यांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एक साधी गोष्ट करावी. सोहळ्याच्या महिना-दोन महिने आधी त्या व्यक्तीजवळ निवांत बसून विचारावे की आयुष्यात कोणाचे देणे राहून गेले आहे. पैशाचे देणे बहुधा राहिलेले नसते. वह्या तपासून ते केव्हाच फेडलेले असते. परंतु शाळेची फी भरणारे एखादे मास्तर निघतील. बहात्तरच्या दुष्काळात, लोक खडी फोडून मिलोच्या भाकरीवर दिवस काढीत असताना, पगार न मागता दुकानावर टिकून राहिलेला एखादा हमाल निघेल. अडल्या वेळी बाळंतपणाला धावून आलेली शेजारीण निघेल. यांतील बरीच माणसे आता नसतील, पण त्यांची नातवंडे आहेत. त्यांतील कोणाची फी भरावयाची असेल, कोणाला चष्मा हवा असेल, कोणाला नुसते घरी बोलावून जेवू घालावयाचे असेल. ते सारे वाढदिवसाच्या दिवशी त्या व्यक्तीच्या हातून करवावे. असा प्रश्न विचारल्यावर उत्तर लगेच येत नाही. पहिल्या दिवशी 'काही नाही रे' असेच येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादे नाव येते, मग त्यामागून दुसरे.

आणि एवढे करूनही शाल घ्यावयाचीच असेल, तर ती सुती घ्यावी आणि काठाकडे न पाहता अंगाला लावून पाहावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती खांद्यावर राहते, घरी धुता येते, आणि दोन पावसाळ्यांनंतर अधिकच मऊ होते.